पोपटी दोरा, पिवळी चिठ्ठी

ता. दिंडोरी,
९ जुलै २०२४

प्रिय शेखरराव यांस,
धोंडीरामचा स. न. वि. वि.

तुम्ही रविवारी आमच्या पाझर तलावात धरलेल्या मरळीचा खरा हिशेब लावून पाहिला. नाशिकहून येण्याजाण्याचं पेट्रोल सहाशेचं. काठी आणि तिचं ते गरगरणारं रीळ, तुमच्याच तोंडून, नऊ हजारांचं. बांधाच्या शेवाळावर घसरून फाटलेली पँट एक. तुमच्या पाहुणचारात गेलेली अंड्यावरची कोंबडी एक, जिची लंकाबाई अजून आठवण काढते. आणि मासा भरला पाऊण किलो, त्यातलं निम्मं डोकं. एवढ्यात आमच्याकडे माणसाचं बारसं होतं.

मी चाळीस वर्षं साध्या नायलॉनच्या तंगुसाने मासे धरतो आहे. काठी नाही, रीळ नाही. तंगूस तळहाताला तीन वेढे घ्यायचा आणि टोक पहिल्या बोटावरून सोडायचं. पाण्याखाली कोण आलं, कोण नुसतं हुंगून गेलं, ते बोटाला कळतं. याच बोटांनी मी द्राक्षाची कलमं बांधतो. कान गेले तरी अडत नाही ते याच्यामुळे. तुम्ही दुकानदार. तुमची बोटं नोटा मोजायला ठीक.

आता कामाचं. बुडालेल्या बाभळींपाशी एक धूड राहतं. तीनदा लागलं आणि तीनदा तंगूस तोडून गेलं. त्याच्या लायकीचं काही तुमच्या दुकानात असेल तर पाठवा. नसेल तर तुमच्या हर्षलच्या साखरपुड्यात मी नवरीच्या मामांच्या कानात बोललो ते काही खोटं नव्हतं.

फोन करू नका. फवारणीच्या ब्लोअरच्या आवाजाने माझे कान बसल्यापासून तुम्ही फोनवर ओरडता आणि मला दिसतो फक्त लंकाबाईचा चेहरा. पत्रच बरं. ललिताला आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलात तर कोंबड्या उरायच्या नाहीत.

आपला,
धोंडीराम


नाशिक,
१५ जुलै २०२४

ती. धोंडीरामभाऊ यांस,
शेखरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ललिताला वाचून दाखवलं. ती कोंबडीपाशी हसली आणि साखरपुड्यापाशी उठून आत गेली. आपण दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे, पण तुम्ही थोरले, तेव्हा तुमचं हसून घ्यायचं हे मी पंचवीस वर्षांपूर्वीच शिकलो.

तरी एक सांगून टाकतो. साखरपुड्यात तुम्ही नवरीच्या मामांना काय सांगत होता ते मी मंडपाच्या कापडामागून सगळं ऐकलं. हा स्वतःच्या लग्नात मागून आणलेला शर्ट घालून जेवायला बसला होता, आता दोऱ्या विकून शेठ झाला, असं म्हणालात. तुम्हाला वाटलं हळू बोललो. भाऊ, बहिऱ्या माणसाला स्वतःचं हळू कळत नाही, तुमचं हळू स्टेजपर्यंत आलं होतं. माझे कान शाबूत आहेत, त्यांच्यावरच मी धंदा केला. फुटपाथवर थर्माकोलच्या तुकड्याला गळ टोचून बसायचो तेव्हा गिऱ्हाईक पुढे गेल्यावर मित्राला काय म्हणतं ते ऐकून दुसऱ्या दिवशी माल आणायचो.

तर शर्टाचा विषय सोडा. सोबत शंभर मीटर विणलेला दोरा पाठवतो आहे. आठ बारीक धाग्यांची वेणी, तुमच्या तंगुसाच्या निम्म्या जाडीची. ताणली तरी लांबत नाही, पाणवेल असली तर कापत येते. विलायतेत बास नावाचा मासा झाडाझुडपात दडतो, त्याला याच दोऱ्याने ओढून काढतात. आपल्याकडे बास नाही, पण मरळ त्याच स्वभावाची, अडचणीत बसून तोंड वाजवणारी. कुणाची आठवण येते ते लिहीत नाही. बरोबर पोटात गळ असलेला रबरी बेडूक आहे, तो पाणवेलीवरून टुणटुण ओढायचा. हा दोरा तुटला तर मी दुकानाची पाटी उतरवीन आणि तुमच्या बांधावर शेळ्या राखीन.

काठी आणि रीळ मुद्दाम पाठवत नाही, तुम्हाला कमीपणा वाटेल. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी दोऱ्याबरोबर एक पिवळी छापील चिठ्ठी देतो, कसा वापरावा याची. तुमच्या डब्यातली काढून घेतली. दिवसाला हजार कलमांना पट्टी बांधणाऱ्या उस्तादाला दोरा कसा धरायचा हे मी काय शिकवणार!

ताईंना नमस्कार. लोभ ताणून पाहावा, तोही तुटणारा नाही.

आपला आज्ञाधारक,
शेखर


ता. दिंडोरी,
२२ जुलै २०२४

प्रिय शेखरराव यांस,
स. न. वि. वि.

दोरा मिळाला. रंग पोपटी, नव्या नवरीच्या चुड्यासारखा. लंकाबाई म्हणाली, याने गजरे ओवावेत. दातांनी तोडून पाहिला, दात हलला. माल चांगला आहे हे मान्य, कारण खोटं बोलायला मी दुकानदार नाही.

चिठ्ठी काढलीत ते बरं केलंत. छापलेलं वाचून मासे धरायचे असते तर शाळामास्तरांनी तलाव रिकामे केले असते.

यंदा कलमांचं मोठं काम घेतलं आहे. दहा ऑगस्टपासून चार एकर खुंटांवर कलमं भरायची. मालकाने साफ सांगितलं की टोळी कुणाचीही असो, खुंटात काडीची पाचर धोंडीरामच्याच हाताने बसली पाहिजे. बुद्धभूषण माझ्या हाताखाली आठ वर्षं आहे, पण त्याची शेकडा सत्तर कलमं फुटून जगतात, माझी पंच्याण्णव. त्याला मी रोज ऐकवतो. ऐकवल्याशिवाय हात सुधारत नाही. या कामावर आमच्या वैष्णवीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष निघेल.

रविवारी बाभळींपाशी जातो. धूड निघालं की डोकं तुम्हाला पाठवतो, उरलेला मासा आम्ही खाऊ. लोभ डोक्याइतकाच समजावा.

आपला,
धोंडीराम


ता. दिंडोरी,
१ ऑगस्ट २०२४

चि. शेखरराव यांस,
लंकाबाईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहितेय, कारण यांचा उजवा हात बांधलेला हाय. ललिताला फोनवर नीट सांगता आलं नाय, मी रडत होते. आता रडून झालंय.

रविवारी सकाळी हे आणि बुद्धभूषण तलावावर गेले. तुमचा दोरा यांनी नेहमीसारखा तळहाताला तीन वेढे घेऊन धरला. बेडूक बाभळींपाशी गेला आणि दोरा गच्च झाला. हे ओरडले, लागलं म्हणून. जोर लावला. हे सांगतात की मासा उलटा फिरला आणि त्याने यांना खाली खेचलं. बुद्धभूषण सांगतो की शेवाळावर पाय घसरला आणि सगळं अंग उताराला दोऱ्यावर आलं. तंगूस असता तर तुटला असता. हा तुटला नाय, आत गेला. कलमाचा चाकू यांच्या उजव्या खिशात, आणि उजवा हातच अडकलेला. बुद्धभूषणने धावत येऊन तो काढला आणि दोरा कापला. तोवर व्हायचं ते झालं होतं.

अंगठ्याजवळचं बोट मधल्या पेरापासून गेलं. त्याच्या शेजारचं हाय, पण आतली शीर कापली, ते वाकत नाय. डॉक्टर म्हणाले, दोऱ्याने असं कापलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, सुरीचं वाटावं.

चार एकराचं काम बुद्धभूषणकडे गेलं. तो रडला आणि कामाला लागला. त्याचं चुकलं नाय.

यांनी एक विचारायला सांगितलंय. तुम्ही काढून घेतलेल्या पिवळ्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं? विचारताना हे हसत होते, म्हणून मी लिहिते, नायतर लिहिलं नसतं.

ललिताला पाठवू नका, घरात बसायला जागा नाय. माया ठेवा.

तुमची ताई,
लंका


नाशिक,
६ ऑगस्ट २०२४

ती. धोंडीरामभाऊ यांस,
शि. सा. न. वि. वि.

ताईंचं पत्र पोचलं. ललिता दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चिठ्ठीचं विचारलंत. तिच्यात काही विशेष नव्हतं. वापरून झाल्यावर दोरा गोड्या पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा, उन्हात रंग जातो, असलं. तुमच्या काही उपयोगाचं नव्हतं. मनातून काढून टाका.

पण भाऊ, जरा विचार करा. तुमच्यासारख्या गड्याला बांधावरून खाली खेचणारा मासा केवढा असेल! इतकी वर्षं माल विकतोय, ताकदीवरून वजन सांगतो. आठ किलोच्या आत नाही. दोन-चार गिऱ्हाइकांना सांगितलं तर ती थक्क झाली. मग मी दुकानात एक पाटीच लावली. साखरपुड्यातला तुमचा फेट्यातला फोटो, खाली लिहिलं, आठ किलोची मरळ, दोरा तुटला नाही. बोटाचं लिहिलेलं नाही, तुमचा मान राखला. लोक फोटोसमोर उभे राहतात आणि कुजबुजतात, मी गल्ल्यावरून ऐकतो. कुणीही हसत नाही. नवरीचे मामा परवा आले होते, त्यांनीही वाचलं. तुम्ही त्यांना माझ्या शर्टाची गोष्ट सांगितली होती, मी त्यांना तुमच्या माशाची सांगितली. फिट्टंफाट झाली असं मी म्हणणार नाही, तुमची गोष्ट मोठी आहे.

सोबत काठी आणि रीळ पाठवतो आहे. डाव्या हाताने चालवता येतं. पैसे नकोत.

वैष्णवीच्या फीचं काही अडलं तर निरोप द्या. लोभ सैल पडू देऊ नये.

आपला,
शेखर


ता. दिंडोरी,
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय शेखरराव यांस,
स. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितो आहे. चार दिवस लागले. अक्षर पाहून हसा, कुणी पाहत नसेल तर.

वेगळी चाळीस कलमं मी बांधून पाहिली. काडीला पाचर तासली, खुंट चिरला, काडी बसवली. पट्टी दातात धरली. पण दोन बोटांचा दाब लागतो, तो कुठून आणू? चाळीसातली सहा फुटली. बुद्धभूषणची या वर्षी शेकडा नव्वद फुटली आहेत. मालकाने त्याला पुढच्या साली परत बोलावलं. मी शेजारी उभा होतो. मालक माझ्याशी मोठ्याने बोलले, लहान मुलाशी बोलतात तसे.

वैष्णवीने शेवटचं वर्ष पुढे ढकललं. फी तुमच्याकडून घेऊ दिली नाही मी. काठी माळ्यावर ठेवली आहे.

पण मासा आठ नव्हे, दहा किलोचा होता. मी दोऱ्यावर होतो, तुम्ही नव्हता. पाटी दुरुस्त करा. पारावर लोक विचारतात, बोट कुठे गेलं? मी सांगतो, तेव्हा ते मान डोलावतात. एवढ्या माशासाठी एक बोट, असं म्हणतात. बोट असताना कुणी एवढं बसवून घेत नव्हतं.

दोरा अजून त्याच्या तोंडात असेल. सुटला नसेल. लोभ धरून असा, वेढे मात्र घेऊ नका.

आपला,
धोंडीराम


ता. दिंडोरी,
२० मे २०२५

चि. शेखरराव यांस,
लंकाबाईचे अनेक आशीर्वाद.

मार्चात यांचा हात दाखवायला नाशिकला आले होते, तेव्हा यांना दवाखान्यात बसवून मी एकटी तुमच्या दुकानातही आले. तुम्ही जेवायला घरी गेला होता. यांच्या फोटोखाली उभं राहून मी तोच पोपटी दोरा मागितला. काउंटरवरच्या मुलीने मला ओळखलं नाय. दोऱ्याबरोबर पिवळी चिठ्ठी दिली आणि म्हणाली, मावशी, पहिली ओळ वाचल्याशिवाय घेऊ नका, शेठ आम्हाला रागावतात. पहिली ओळ अशी हाय, हा दोरा हाताला गुंडाळू नये, बोट तुटू शकते. धुण्याचं आणि सावलीचं सहाव्या ओळीत हाय. चिठ्ठी परत पाठवतेय, तुमच्याकडे एक कमी पडली असेल. यांना दाखवली नाय. यांनी तुम्हाला माफ केलंय, आणि माफ करून यांना बरं वाटतं. ते मला काढून घ्यायचं नाय.

दोन महिने मी यातलं काही लिहिलं नाय. आज लिहिते, कारण यंदा तलाव तळापर्यंत आटला. काल हे म्हणाले, चल, त्याचे काटे तरी सापडतील. मी, हे आणि बुद्धभूषण चिखल तुडवत बाभळींपाशी गेलो. पोपटी दोरा लांबूनच दिसला. रंग गेला नव्हता. बुद्धभूषणने आणि मी दोघांनी ओढून पाहिला, तुटला नाय. तुमचा माल तुम्ही सांगितला तसा हाय, पाटी उतरवू नका.

हे वाकले, दुसऱ्या टोकाला काय हाय ते पाहिलं आणि उठून उभे राहिले. बुद्धभूषण काही बोलणार होता, मी त्याच्याकडे पाहिलं. घरी आल्यावर हे मला म्हणाले, शेखररावांना लिही, मासा दहा किलोचाच होता. म्हणून लिहिते, मासा दहा किलोचा होता.

ललिताला माया सांगा. तुमच्यासाठीची तिच्याकडेच ठेवलीय, तिला वाटलं तर देईल.

लंका

ता. क. तिथे आणखी तीन जुने गळ होते, तंगुसाचे तुकडे लागलेले. ते आणि तुमचा बेडूक, चारही एकाच बाभळीच्या बुंध्यात रुतलेले होते.