दोनशे बारा चेहरे आणि दोन कॅमेरे

३ फेब्रुवारी, सोमवार

मुलीने नवीन कॅमेरा आणला. बोनस त्यात घातला. मला विचारलं नाही. खोक्यात खोका, त्यात पिशवी, पिशवीत पिशवी, आणि शेवटी निघालं काय, तर माझ्या जुन्यापेक्षा हलकं खेळणं. चोवीस मेगापिक्सेल म्हणे. जुन्याचे दहा. मी म्हटलं, माणसाला नाक एकच असतं, त्याला चोवीस कशाला?

म्हणाली, आई, स्टुडिओ चालवायचा तर कामं चांगली गेली पाहिजेत. मार्चपर्यंत एखादं मोठं काम मिळालं नाही तर शटर ओढायचं, तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला या. म्हणजे तिच्या त्या दीड खोलीत मी दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं. आधी मी मरेन.

ठरवलं. दोन्ही कॅमेऱ्यांची रीतसर परीक्षा घ्यायची आणि निकाल या वहीत लिहायचा. निकाल मला माहीत आहे. पण परीक्षा झाली पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील बाई हट्टी आहे.

वहीच्या रेघा हल्ली फार फिक्या छापतात. जाड स्केचपेनने लिहिते आहे.

४ फेब्रुवारी

परीक्षा पहिली, वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. जुना सव्वा किलो, नवीन पाऊण किलोसुद्धा नाही. हातात वजन असलं की हात हलत नाही. जुना पास.

परीक्षा दुसरी, आवाज. जुना खटाक् करतो. माणूस सावध होतो, त्याला कळतं फोटो निघाला, आता श्वास सोडा. नवीन चिक् करतो. पाल चुकचुकल्यासारखा. शुभकामाला असला आवाज चालत नाही. जुना दोन, नवीन शून्य.

ह्यांना विचारलं, तुमचं मत काय. म्हणाले, दोन्ही चांगले आहेत. बघायला आले तेव्हा मी आणि माझी बहीण दोघी समोर बसवल्या असत्या, तरी हेच म्हणाले असते.

६ फेब्रुवारी, सकाळी

डोळा लावून बघायची परीक्षा. जुन्याच्या काचेतून थोडं धुरकट दिसतं, मान्य. पण चौदा वर्षं वापरला आहे, तेवढा धूर कोणालाही येतो. हा नवीन मात्र कारखान्यातूनच धुरकट आलाय. चारदा रुमालाने पुसली काच. मुलीला म्हटलं, परत कर, फसवलं तुला. ती डोळा लावून म्हणाली, स्वच्छ आहे की. तिला स्वच्छ कशाला म्हणतात ते माहीत असतं तर तिची खोली तशी नसती.

६ फेब्रुवारी, रात्री

फोकसवरून भांडण. जुन्याचा आपोआप फोकस केव्हाच गेला. गरगर करतो आणि बसत नाही. म्हणून लेन्सवरचं बटण हाताच्या फोकसवर सरकवून मी वर चिकटपट्टी मारली आहे. रिंग बोटाने फिरवते. ह्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून अकरा वर्षं फोटो मीच काढते, हे कॉम्प्युटर आणि कात्री सांभाळतात. मी चौथी पास, पण या बोटांना कोणी शिकवलं नाही आणि शिकवायची गरज पडली नाही.

तर नवीनलाही तशीच पट्टी मारली. मुलगी ओरडली, अगं तो स्वतः फोकस घेतो, म्हणूनच आणला! पट्टी काढली. मी पुन्हा मारली. तिने पुन्हा काढली. ती कामावर गेल्यावर मी पुन्हा मारली. यंत्राने मला शहाणपण शिकवायचं नाही.

मग दोन्हींवर ह्यांचा एकेक फोटो काढला. दोन्ही सारखेच, मऊ मऊ. मुलगी संध्याकाळी येऊन म्हणाली, दोन्ही फोकसबाहेर आहेत. मी म्हटलं, तुझ्या बाबांचा चेहराच मुळात मऊ आहे.

निकाल: चोवीस मेगापिक्सेलने काही फरक पडत नाही. हे शास्त्रीय सिद्ध झालं.

८ फेब्रुवारी

आपल्या गिऱ्हाइकांना वेळेची अक्कल नाही. मी जेवून आडवी झाले की येतात मेली. आणि नवीन नाही, सकाळी फोटो काढून गेलेलीच पुन्हा येतात. आज उठून बघते तर सकाळची नर्स बाहेर पडत होती. हे म्हणाले, छत्री विसरली होती. परवा बँकवाला पाकीट विसरला होता. त्याच्या आदल्या दिवशी ते मास्तर पेन. लोक फार विसराळू झालेत. त्यांच्या मानाने माझी तब्येत खणखणीत आहे.

पण आजची खरी बातमी वेगळीच. मी झोपलेली असताना साबणाच्या कारखान्याचा मोठा कारकून आला होता. नमुना म्हणून स्वतःचा फोटो काढून घेतला. ह्यांनी जुना कॅमेरा स्टँडवर लावून, श्वास रोखून काढला. त्याला आवडला. दोनशे बारा कामगारांच्या गेटकार्डाचे फोटो आपल्याकडे!

कॅमेरा माझा, दिवे मी लावलेले, पडदा मी धुतलेला. म्हणजे फोटो माझाच धरायचा. जुना तीन, नवीन शून्य. मुलीला म्हटलं, घे तुझं मोठं काम. आता शटर कोण ओढतंय बघते.

१३ फेब्रुवारी

हे आज न विचारता बोलले. वर्षातून दोनदा होतं असं. म्हणाले, मुलीला सुट्टी घ्यायला लावू, नवीन कॅमेरा घेऊन तिलाच काढू दे, दोनशे लोक म्हणजे तुला दगदग. मी म्हटलं, दगदगीची काळजी होती तर तेहेतीस वर्षांत एकदा चहा केला असता. चहा करायला गेले. अर्धा सांडला.

शेवटी असं ठरलं: मुलगी येईल, दोन्ही कॅमेरे नेऊ. मी काढणार, ती नंबर लिहिणार. अडचण आली तरच नवीन. अडचण येणार नाही.

१७ फेब्रुवारी

झालं! सकाळी नऊ ते साडेचार. दोनशे बारा. कारखान्याच्या कँटीनमध्ये पडदा लावला, समोर खुर्ची, आणि रांग पार हात धुवायच्या नळापर्यंत. मी असा दरारा ठेवला की सुपरवायझरसुद्धा टोपी काढून बसला.

थोडी टवाळी झाली. पॅकिंगवाल्या बायका म्हणाल्या, मावशी, बारीक डोळे तुम्ही करताय, आम्ही करायचे ना? एक जण म्हणाला, मी इकडे आहे हो, तो पंखा आहे. दुपारी एक जण खुर्चीवर कोट टाकून पाणी प्यायला गेला आणि मी त्या कोटाला दोनदा सांगितलं की हनुवटी खाली घ्या. सगळी रांग हसली. कोट माणसासारखा ठेवायचाच कशाला म्हणते मी.

मुलगी तीनदा म्हणाली, आई, दे इकडे, आता मी काढते. तिसऱ्यांदा तर डोळ्यांत पाणी. कामाची सवय नाही, दुसरं काय. मी म्हटलं, तू नंबर लिही. प्रत्येक फोटो जुन्याच्या मागच्या पडद्यावर बघितला. तो पडदा काडेपेटीएवढा, पण मला एकही वाईट दिसला नाही. एकूण एक चांगला.

२० फेब्रुवारी

हे तीन दिवस कॉम्प्युटरसमोरून उठले नाहीत. विचारलं तर म्हणतात, थोडं साफ करतोय. कशाला साफ करायचं? जेवण तिथेच. मुलगी कामावरून आली की बाजूला बसते, दोघं कुजबुजतात, मी गेले की गप्प. माझी साठी जवळ आली आहे, काहीतरी ठरवत असतील. मला असले लाड आवडत नाहीत, पण करू देत.

छापून कात्रीने कापून पाकिटात भरले. मी स्वतः नेऊन दिले. कारकुनाला म्हटलं, पुढच्या वर्षीचंही आत्ताच सांगून ठेवा, आम्हाला गर्दी असते.

२२ फेब्रुवारी

पाकीट परत आलं.

कारकून स्वतः आला होता. बसला नाही. म्हणाला, वहिनी, गेटवरच्या पहारेकऱ्याने आपल्याच तीन माणसांना अडवलं आणि बॉयलरवाल्याला पॅकिंगच्या बाईच्या कार्डावर आत सोडलं. साहेब भडकलेत. सोमवारी समोरचा स्टुडिओवाला येऊन सगळे पुन्हा काढणार आहे.

मी म्हटलं, पहारेकऱ्याचे डोळे तपासा आधी. कारकून ह्यांच्याकडे बघायला लागला. हे जमिनीकडे.

मग मुलगी फुटली. म्हणाली, आई, कोणी छत्री विसरत नव्हतं, कोणी पाकीट विसरत नव्हतं. दोन वर्षं तू झोपलीस की बाबा त्या लोकांना परत बोलावतात आणि स्टँडवर पुन्हा फोटो काढतात. तुला कळू नये म्हणून. दोनशे बारांना कुठून परत बोलावणार होते ते? म्हणाली, मार्चअखेर शटर ओढायचं. पाटीवाल्यालाही सांगून आली आहे, पाटी उतरवायला.

मी ह्यांना विचारलं, खरं का हो? हे दिव्याची वायर गुंडाळत होते. गुंडाळतच राहिले. खरं असतं तर मला सांगितलं असतं. एवढी वर्षं संसार केला, माणूस एवढं तरी सांगतो.

२३ फेब्रुवारी

रात्रभर विचार करून मार्ग सापडला. दोनशे बारा सगळे कसे खराब असतील? निम्मे तरी चांगले असणार. चांगले निवडायचे, वेगळ्या पाकिटात घालायचे, सोमवारी सकाळी आठला समोरच्याच्या आधी कारखान्यात हजर. कारकुनाला दाखवायचं, हे बघा, आणि आता बोला. उरलेले मी फुकट पुन्हा काढून देईन. हवं तर नवीन कॅमेऱ्यावर. एवढी माघार मी घेऊ शकते.

२३ फेब्रुवारी, दुपारी

झोपले नाही. टेबल खिडकीशी ओढलं, हे समोर बसले. मी एकेक फोटो उचलायचा, चांगले उजवीकडे, वाईट डावीकडे. उजवीकडे भराभर गठ्ठा वाढला. शंभर झाले, एकशेचाळीस झाले. मी म्हटलं, बघा, उगाच रडत होतात बापलेक.

मग एक बाई आली, ती मात्र मलाही पसंत पडली नाही. सगळ्यांत पुसट. शिवाय तोंड असं की जगावर खटला भरलाय. डावीकडे टाकली. ह्यांना विचारलं, ही कुठल्या खात्यातली?

ह्यांनी फोटो माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, ही कारखान्यातली नाही. त्या दिवशी सकाळी कँटीनमध्ये उजेड बरोबर पडतो का बघायला तू खुर्चीत बसली होतीस, तेव्हा मुलीने नवीन कॅमेऱ्याने काढला होता. गठ्ठ्यात चुकून आला. एवढाच एक स्पष्ट आहे.

मी फोटो उचलला. खिडकीशी नेला, डोळ्याजवळ नेला, हात लांब करून बघितला. एक बाई होती. असेल.

मी म्हटलं, म्हणजे नवीनही खराबच निघाला. ह्यांनी फोटो माझ्या हातातून घेतला, कात्री घेतली आणि त्याच्या कडा कापत बसले. ह्यांचे हात नेहमीसारखे थरथरत होते. कडा वाकड्या गेल्या असणार.

मला सरळ दिसल्या.