जाळी वाळवण्याची जागा

मी, सहदेव पदाजी, वय अदमासे अठ्ठावन्न, जन्माने कोळी, बाप्तिस्म्याने ख्रिस्ती, धंदा शुभवर्तमानाचा उपदेशक, राहणार ठाणे, खाडीकाठ; बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणाच्या भिडेस न पडता, माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवतो ते असे.

एक. समुद्रकाठच्या सोर नगराचा नाश होईल आणि त्याच्या उघड्या खडकावर कोळी जाळी वाळवतील, असे संदेष्ट्याने सांगितले आहे. ते सोर म्हणजे मुंबईच, असे मी वीस वर्षे शिकवले. शास्त्रातला एक दिवस म्हणजे एक वर्ष धरून नाशाचे साल १८९६ काढले. त्या साली मुंबईत गाठीचा ताप आला, तेव्हा मला आनंद झाला. हे देवासमोर कबूल करतो. त्या मोजणीची वही माझ्याबरोबर पुरावी. कोणी वाचू नये.

दोन. माझी मुलगी सगुणा माझ्या सांगण्यावरून एकदा मुंबई सोडून आली होती, पण नवऱ्यासाठी परत गेली. तापाने नवरा गेला, तेव्हा भर दुपारी, ओहोटी लागताना, ती पोरीला घेऊन माझ्या दारात आली. नाशातून निघालेल्याने मागे वळून पाहू नये, असे शास्त्र सांगते. तिने पाहिले, म्हणून मी दार उघडले नाही. ती बाहेरून म्हणाली, "बा, मना नको ठेवू. पोरीला तरी घे." मी कडी काढली नाही. ओहोटी लागली की ती कडी अजून वाजते. ते दार उतरवून त्याच्याच फळ्यांची माझी पेटी करावी.

तीन. धाकटा भाऊ रघू मूर्तिपूजक, म्हणून तीस वर्षांत त्याच्याशी मी एकदाच बोललो. त्याने मायलेकींना घरात घेतले. तिसऱ्या दिवशी सगुणा तिथेच वारली. मूठमाती देताना तो एवढेच म्हणाला, "बुडली का रं दादा, तुजी मुंबय?"

मुंबई उभी आहे. गलबते येतात, जातात. बापाचे वल्हे रघूला द्यावे.

चार. घर व सामान नात उत्तरा हिचे. ती सज्ञान होईपर्यंत रघूने सांभाळावे. तिला वाचायला शिकवावे, वचनांवरून साल काढायला शिकवू नये.

पाच. रघूशी ते एकदाच बोललो ते असे, की माझ्या दारापुढच्या खडकावर तो जाळी वाळवीत होता आणि हे काही सोर नव्हे असे बजावून मी ती उचलायला लावली. आता त्याने खडकावर, अंगणात, ओटीवर, हवी तिथे वाळवावी. वचन खोटे नव्हते. ते माझ्याच घराबद्दल होते.

ठाणे, तारीख ९ नोव्हेंबर १८९७.

सही: सहदेव पदाजी, दस्तुर खुद्द.

साक्षी: श्रीपाद, शाळामास्तर.

आवडाबाई, शेजारीण, निशाणी बांगडी. त्या दुपारी दार वाजलेले हिनेही ऐकले आहे.