सभागृहाच्या पायऱ्या

ट्रॉम्सो, ५ फेब्रुवारी १९८७

ती. अस्लाउगताईस,
हेल्मरचा सा. न. वि. वि.

सोबत कॅसेटींचं खोकं पाठवतो आहे, जपून उघड. आपल्या फ्योर्डच्या खाडीपलीकडच्या काठावरची म्हातारी माणसं आहेत त्यात. लहानपणी नॉर्वेजियन वसतिशाळेत त्यांना आपली सामी भाषा बोलायची बंदी झाली आणि पुढे आपण सामी आहोत हेच ती जन्मभर कशी लपवत राहिली, ते सांगताहेत. उन्हाळाभर त्यांच्या स्वयंपाकघरांत बसून कॉफी पिऊन पिऊन माझ्या पोटाची वाट लागली. कॉफीवर डॉक्टरेट मिळत असती तर एव्हाना दोन झाल्या असत्या.

इथल्या टंकलेखक मुलींना सामी येत नाही. म्हातारी माणसं बोलता बोलता सामीत शिरली की त्या टिंबं टाकून मोकळ्या होतात. माझं सामी शाळेनं कसं धुऊन काढलं ते तुला माहीतच आहे, त्यामुळे हे लोढणं तुझ्या गळ्यात. मासळी-केंद्रातलं काम उरकून जमेल तसं कर. नियम एकच, ऐकू येईल ते सगळं उतरवायचं. हुंकार, खोकला, हसू, गप्प बसणं, काही गाळायचं नाही. माणूस कुठे अडखळतो तेच आमच्या अभ्यासाचं सोनं असतं. आणि यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये.

एप्रिलात माझं जाहीर व्याख्यान आहे. आई यायचं म्हणत असेल तर तिला तू समजाव. बोटीचा एवढा प्रवास, रस्त्यावर बर्फ, शिवाय सभागृहाला पायऱ्या फार आहेत. तिच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. मी नाही म्हटलं तर तिला लागेल, तुझं ती ऐकते.

दाजींना नमस्कार, मुलांना पापा. माया आहे तशीच राहू दे.
तुझा हेल्मर

•

२० फेब्रुवारी १९८७

चि. हेल्मर यास अस्लाउगचे अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. पहिल्या चार कॅसेटी झाल्या. तू दर वाक्याला 'हं, हं' म्हणत असतोस, ते किती वेळा टाइप करायचं रे? माझ्या मशीनचं अक्षर झिजलं. तुझे दाजी तर आता मी काहीही सांगितलं की तुझ्यासारखं मान वाकडी करून 'हं' म्हणतात.

अक्षर बाहेर जाणार नाही, पण घरात स्वयंपाकघर एकच. आईच्या कानांत बोळे घालू का? ती खिडकीशी शिवत बसते आणि कॅसेट ऐकते. परवा एका म्हाताऱ्यानं शाळेतल्या उपाशी रात्रीचं सांगितलं तेव्हा तिनं सुई बाजूला ठेवली. मग म्हणाली की आपला हेल्मर चांगलं काम करतोय, या लोकांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. तिला तुझा फार अभिमान आहे, हे तुला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

आणि ती काय शिवते आहे, ओळख. नवी गाक्ती! निळं लोकरी कापड, लाल-पिवळ्या फिती. एवढ्या वर्षांत तिनं आपला पोशाख कधी चारचौघांत घातलेला मला आठवत नाही. पण लेक आपल्याच माणसांवर बोलणार, मग मी दुसरं काय घालू, असं तिनं मलाच विचारलं. पायऱ्यांचं मी तिला सांगितलं. तर बाई रोज मासळी-केंद्रात येऊन जाळ्यांच्या माळ्याचा जिना चढते. कठड्याला धरून वर जाते, जाळ्यांवर बसून दम खाते आणि उतरते. तिथली पोरं हसतात, पण आता हात देऊ लागली आहेत. नक्की किती पायऱ्या आहेत ते कळव, म्हणजे तिला सरावाचा अंदाज येईल.

दाजींचा नमस्कार. पत्राला आळस करू नकोस, आमचा जीव तुझ्यात असतो.
अस्लाउग

•

२७ फेब्रुवारी १९८७

हेल्मर,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

मारेनआजींची कॅसेट काल लावली. मुलाखतीआधीच त्यांनी तुला विचारलं आहे की बाळा, तू कुणाचा? तू म्हणालास की तू दक्षिणेकडचा, वडील कस्टममध्ये होते, आई त्रोन्हाइमची, पियानो शिकवायची. पियानो! अरे, आपल्या घरात बसायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या. बाबा कॉड माशांच्या मागे फिरून फिरून गेले, त्यांना तू कस्टमचा कोट चढवलास.

तुझाच नियम म्हणून मी कॅसेट मागे घेऊन घेऊन ऐकली, अडखळलास तर तेही उतरवावं म्हणून. तू कुठेच अडखळला नाहीस.

पुढचं ऐक. आजी आपल्या मुलीला सामीत हळूच काही म्हणाल्या. तुला ते कळलं नाही, कारण तू नंतर हसून विचारलं आहेस की काय म्हणाल्या? आणि त्यांनी सांगितलं की साखर आण म्हटलं. साखरेचं त्या काही बोलल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या की हे कान निल्लासचे आहेत, हा त्याच्या एल्लेचा मुलगा. लाजतोय बिचारा, लाजू दे, आपण काय वेगळं केलं? त्याला कॉफी ओत, आणि तो विचारेल ते सगळं सांगू, त्याचं काम अडायला नको.

निल्लासआजोबांची एल्ले म्हणजे आपली आई, आणि आई तेव्हा खिडकीशी बसली होती. मी बटण दाबेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. तिनं दोरा दातानं तोडला, गाक्तीची घडी घातली आणि आत गेली. आज ती जिना चढायला आली नाही.

टाइप केलेली पानं सोबत आहेत. एकही शब्द गाळलेला नाही.
अस्लाउग

•

ट्रॉम्सो, ५ मार्च १९८७

ती. ताईस,
हेल्मरचा शि. सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पानं मी विभागात उघडली होती. शेजारच्यानं काय झालं विचारलं, तर त्यालाही मी पोट बिघडल्याचं सांगितलं. बघ, अजून खोटंच बोलतो आहे.

मी काही ठरवून बोललो नव्हतो. त्यांनी तू कुणाचा विचारलं आणि तोंडातून ते आपोआप बाहेर पडलं. पियानोचं तर मलाही आठवत नव्हतं. इथे मी बरीच वर्षं असंच काहीबाही सांगत आलो आहे, त्यामुळे ते खोटं आहे हेसुद्धा जाणवेनासं झालंय. आणि त्यानंतर दुपारभर मी त्या बाईंना विचारत होतो की तुम्ही सामी आहात हे का लपवलंत, तेव्हा काय वाटलं, लाज वाटली का! त्या सांगत होत्या आणि मी 'हं' म्हणत होतो. त्यांना सगळं ठाऊक असताना.

सगळं सोडून पळून जावं असं वाटतं, पण पळणार कुठे? ताई, आई काय म्हणाली? तिनं शिव्या दिल्या असतील तर तशाच लिही. तुझ्याच शब्दांत, न गाळता.

तुझ्या मायेला आता मी पात्र नाही, तरी ती मागतो.
हेल्मर

•

१४ मार्च १९८७

चि. हेल्मर यास आशीर्वाद.

आईनं शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रविवारी मासा उकडायला ठेवला आणि तीच बोलली. न गाळता लिहिते.

म्हणाली की हेल्मर खोटं बोलला नाही, मी शिकवलेलं बोलला. तुला वसतिशाळेच्या बोटीत बसवायला ती धक्क्यावर आली होती, आठवतं? तिनं तुझी छोटी गाक्ती उतरवून दुकानातलं जाकीट घातलं आणि तुझ्याकडून घोकून घेतलं. कुणी विचारलं तर आम्ही दक्षिणेकडचे. आईला सामी येत नाही. तू अडखळलास की ती तुला पुन्हा म्हणायला लावायची. तू रडत होतास, आणि बोट दिसेपर्यंत तिनं तुला थांबू दिलं नाही. एकदा न अडखळता म्हणालास तेव्हा शाबास म्हणून खिशात खडीसाखर घातली. शाळेत मार बसू नये एवढंच तिला हवं होतं.

कॅसेट ऐकताना तिला वाटलं की पोरानं किती चांगलं पाठ केलंय. आणि मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की माझ्याकडे बघवेना. सांगताना ती रडली, हेल्मर. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

मी तुला टाकून बोलले, पण माझ्याही मुलांना सामी येत नाही. ती आजीशी खुणांनी नि तुटक नॉर्वेजियननं बोलतात, आणि मी त्याला त्यांची सोय म्हणते. मग कुणाला बोल लावू?

आई व्याख्यानाला येणार नाही. तिला कारण तुझ्याकडूनच मिळालंय. म्हणाली, त्याला लिही की पायऱ्या फार आहेत.

जेवत जा. रागावले तरी मी तुझीच आहे.
अस्लाउग

•

ट्रॉम्सो, २८ मार्च १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि.

मारेनआजींकडे जाऊन आलो. दारातच सांगितलं की मी निल्लासच्या एल्लेचा, तुमच्याशी खोटं बोललो. त्या म्हणाल्या की कान आत घे आधी, गारठतील. मग मी त्यांना टेप लावू देण्याची विनंती केली आणि म्हटलं, या वेळी तुम्ही विचारा. त्यांनी विचारलं, अगदी मी विचारतो तसंच, मान वाकडी करून. लाज वाटली का रे? ती कॅसेट सोबत आहे. टाइप करशील तर अडखळण्याला पानं पुरायची नाहीत, माझ्या मोडक्या सामीत ते सगळं आहे. शेवटी आईचं नाव आहे आणि मी तिचा आहे एवढं एक वाक्य आहे. तेवढं तिला खिडकीशी बसवून ऐकव. व्याख्यानाची सुरुवात मी त्याच वाक्यानं करणार आहे.

धक्क्यावरचं मला आठवत नव्हतं, खडीसाखर मात्र आठवते. तिला सांग की शाळेत मला मार बसला नाही. तिनं मला वाचवलं होतं. पुढे मोठा होऊन तिलाच लपवलं, तो धडा मात्र तिचा नव्हता.

मी गुरुवारच्या बोटीनं येतो आहे, तिला घेऊन जायला. गाक्तीच्या फिती पुऱ्या करायला सांग. एक गोष्ट उरली आहे, ती लिहायला हे पत्र तीनदा फाडलं. तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नाही. ती माझ्या विभागातल्या लोकांत त्या पोशाखात येऊन बसेल, याचीच मला भीती होती. ताई, सभागृह तळमजल्यावर आहे. पायऱ्या नाहीत. एकसुद्धा नाही.

हे तिला तू सांगू नकोस. धक्क्यावर उतरलो की मी सांगेन, आणि अडखळलो तर मला थांबू देऊ नका.

तुम्हा दोघींच्या दारात उभा राहण्यापुरता लोभ शिल्लक ठेव.
एल्लेचा हेल्मर