क्लिमच्या वाट्याचा घास

क्रिमिया, ९ एप्रिल १९७४
पोहोचलो! जर्दाळू फुलले आहेत आणि उद्यापासून मी चंद्रावर गाडी चालवणार. गाडी तिथे, आम्ही इथे पडद्यासमोर. दांडा ढकलला की वर आठ चाकं फिरतात. चित्र काही सेकंद उशिरा दिसतं. गाडीला सगळे 'म्हातारी' म्हणतात. माणूस आणि यंत्र खांद्याला खांदा लावून चाललेत, याहून मोठं या शतकात काय घडलं आहे? दिशा सांगणारी नोन्ना म्हणाली, भाषण पुरे, साहेब. म्हातारीला ऐकू येत नाही.

१० एप्रिल
आधीचा चालक क्लिम इथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय बंद पडून गेला. समोर त्याच्या नावाने व्होडकाचा पेला, वर पावाचा तुकडा. इथला रिवाज असा की गेलेल्याची खुर्ची चाळीस दिवस रिकामी ठेवायची, आज एकतिसावा. चंद्रावर पोहोचलेली माणसं मेलेल्याला पाव वाढतात! मी सगळ्यांदेखत तो पाव खाल्ला आणि खुर्चीत बसलो. आमचे प्रमुख जखार इलिच पाठ फिरवून पडद्याकडे गेले. नोन्ना भडकली. अरे दीडशहाण्या, त्याच्या वाट्याचा घास खाल्लास, आता त्याचं कामही तूच पुरं करशील! म्हटलं, त्यासाठीच आलोय, बाई.

११ एप्रिल
म्हातारी आपणहून चालली. आज्ञा माझ्या दांड्यावरून गेल्याची नोंद आहे: दोन छोटे धक्के. हात माझे मांडीवर होते. नोन्ना हळूच म्हणाली, असे दोन धक्के क्लिमच द्यायचा. त्याला समोरच्या विवरात उतरायचं होतं. जखार इलिचनी अडवलं होतं.

१२ एप्रिल
उजवा अंगठा. जेवताना टेबलावर दोनदा दाबला गेला— पलीकडून ओरडा, चालली! पुन्हा दोनदा— पुन्हा ओरडा. दांडा तारेसकट उपटलाय. तरीही— विवराच्या कडेवरून खाली गेली तर सगळ्यांची तीन वर्षांची मेहनत गेली. माझ्यामुळे.

१३ एप्रिल, सकाळ
विवराची कड दोन मीटरवर. हात बांधला, अंगठा बांधलेलाही दाबतो. फक्त पेन्सिल धरून लिहीत राहिलो की म्हातारी उभी राहते. ११.४० ला चंद्र मावळेल, मग काहीच वर पोहोचणार नाही. तोवर लिहायचं.

११.२५
नोन्ना दारातून सांगते, थांबू नकोस रे राजा, काहीही लिही, शिव्या लिही—

११.३१
पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरी घेईपर्यंत— एक मीटर उरला.

११.३७
बोटं आखडली— अक्षर माझं नाही— तीन मिनिटं— उभी राहा म्हातारे, उभी राहा, उभी रा