मीनाक्षीबाईंच्या हातचा चहा चार लोकांदेखत पिण्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
आमच्या हद्दीचे पोलीस ठाणे,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : आपण स्वतः गणवेशात अर्जदाराच्या घरी येऊन एक कप चहा घेण्याबाबत.

संदर्भ : १) ‘सुभेदारांचा शेवटचा पाहुणा’ ही जुनी रहस्यकादंबरी व तीवरून निघालेला सिनेमा.
२) हवालदार सखाराम यांची गेल्या सोमवारची भेट.

अर्जदार : दत्तोपंत लासूरकर, सेवानिवृत्त लिपिक, रा. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागे.

महोदय,

अर्जदार सविनय कळवतो की, त्याच्या पत्नी सौ. मीनाक्षी यांनी आजवर कोणाचाही खून केलेला नाही. असे वाक्य कधी लेखी द्यावे लागेल, असे अर्जदाराला सबंध नोकरीत वाटले नव्हते. परंतु वेळ आली आहे.

१. गेल्या वर्षी हिमांशू नावाचे एक तरुण दिग्दर्शक सदर कादंबरीवर सिनेमा काढण्यासाठी जुन्या धाटणीचे दिवाणखाने बघत अर्जदाराकडे आले. या घरातून मीटर बघणारासुद्धा चहाविना परत जात नाही. कप रिकामा झाला की सौ. मीनाक्षी “अजून अर्धा घ्या ना” म्हणतात आणि पाहुण्याने नको म्हटले की होकार समजून ओततात. दिग्दर्शकांनी दीड कप घेतला, त्यांच्या हाताकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “काकू, या हातावर जगात कुणी संशय घेणार नाही.” ही स्तुती आहे असे समजून अर्जदाराने त्यांना वर चिवडा दिला. चूक तिथेच झाली.

२. मूळ कादंबरीत खून वैद्यबुवा काढ्यातून करतात. पण दिग्दर्शकांचे म्हणणे पडले की, वैद्यबुवांचे नाव आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तेव्हा खुनी नवा हवा. त्यानुसार सौ. मीनाक्षी यांना सुभेदारांच्या घरच्या ताईसाहेबांची भूमिका देण्यात आली. सिनेमात ताईसाहेब सुभेदारांच्या पाहुण्याला रोज चहातून थोडेथोडे विष देतात आणि गोड हसून म्हणतात, “अजून अर्धा घ्या ना.” हे वाक्य अर्जदाराच्या दिवाणखान्यातून उचललेले आहे. सौ. मीनाक्षी यांनी अभिनय असा काही केलाच नाही. घरी करतात तसा चहा दिला. लोकांना तेवढे पुरले.

३. नवरात्रात सिनेमा मोबाईलवर आला आणि दसऱ्यापासून अर्जदाराच्या घरी कोणी चहा घेईना. कोणाला अचानक ॲसिडिटी झाली, कोणी नुकताच घेऊन आले, कोणाला आयुर्वेदाने मना केले. फुलंब्रीहून दूध घालायला येणारे बिरू उंबऱ्यात बसून चहा घेत, ते आता उभ्या उभ्या माप ओततात. सौ. मीनाक्षी यांनी विचारले असता ते म्हणाले, “काकू, दूध माझंच हाय, त्याची मी ग्यारंटी देतो. फुडं तुमी त्यात काय टाकलं, ते मला कसं कळंल?” संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या, गोड बोलल्या आणि तिळगूळ पदराला बांधून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावरच्या गाईपुढे दिसला. गाय ठणठणीत आहे. तूर्तास तीच अर्जदाराची एकमेव साक्षीदार आहे.

४. अर्जदार हातावर हात धरून बसला नाही. त्याने गल्लीचे पुढारी रामेश्वर यांना कादंबरीचे शेवटचे पान दाखवले. मन लावून वाचून ते म्हणाले, “काका, पुस्तक लई जुनं आहे. तवा तपास अर्धवट राहिला असंल. नवा पुरावा सिनेमात आला.” मग अर्जदाराने रोज सायंकाळी ओट्यावर बसून लोकांदेखत चहा प्यायला सुरुवात केली. त्याचा परिणाम उलटा झाला. सिनेमातले विष हळूहळू चढणारे असल्याने लोक आता अर्जदाराची प्रकृती मोठ्या मायेने विचारतात. परवा अर्जदाराला साधी शिंक आली, तर समोरच्या कडूबाईंनी देवापुढे दिवा लावला. तात्पर्य, अर्जदाराची साक्ष कामाची नाही, कारण गल्लीच्या हिशेबी त्याची केस अजून चालू आहे.

५. ग्रंथालयातल्या सत्यशीलाबाईंनी कादंबरी वाचलेली असल्याने त्या बिनधास्त येऊन चहा घेत. पण त्या आता लेकीकडे गंगापूरला राहायला गेल्या. वाचणारे या गल्लीत तेवढेच होते. दिग्दर्शकांना फोन केला, तेव्हा त्यांनी अभिनंदन केले आणि दुसऱ्या भागात काकू जामिनावर सुटतील, असे सांगितले. अर्जदाराला हा दिलासा अपुरा वाटतो.

६. गेल्या सोमवारी अर्जदाराची कन्या हिमानी हिच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी आपले हवालदार सखाराम आले. अत्यंत सज्जन गृहस्थ. सौ. मीनाक्षी यांनी आले किसून चहा केला. ते म्हणाले, “ड्युटीवर चहा घेत नाही, ताई.” साहेब, हे वाक्य अर्जदाराने उभ्या हयातीत प्रथमच ऐकले आणि प्रकरण हाताबाहेर गेल्याचे त्याला कळून चुकले. हवालदारसाहेब खाली उतरले आणि नाक्यावरच्या टपरीवर कटिंग घेत उभे राहिले. सौ. मीनाक्षी गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी आत येऊन तो चहा मोरीत ओतला, कपबश्या पुसून माळ्यावर टाकल्या आणि एवढेच म्हणाल्या, “मला कुणी वाईट म्हणालं असतं, तर भांडले असते हो. चहाला नको म्हणणाऱ्याशी काय भांडायचं?”

त्या दिवसापासून त्या दोनच कपांचे आधण ठेवतात, आणि दारी आलेल्याला चहाचे विचारत नाहीत. अर्जदाराची खरी तक्रार एवढीच आहे. बाकीचे वर जे लिहिले, ते तिची पार्श्वभूमी समजावी.

सबब विनंती की, आपण सवडीने एका सायंकाळी, बायका ओट्यावर बसलेल्या असताना, जीप दारात उभी करून यावे. सायरनची गरज नाही. हवालदार सखाराम यांना सोबत आणावे. चारित्र्याचा दाखला नको. दाखला भिंतीवर लागतो, घशाखाली उतरत नाही. चहा झाल्यावर आपण फाटकाशी थोडा वेळ हिंडतेफिरते दिसावे, म्हणजे गल्लीची खात्री पटेल.

हा अर्ज सौ. मीनाक्षी यांना दाखवलेला नाही. त्या आपणांस चहाचे विचारणार नाहीत, तेव्हा आपणच मागावा. मागितलेल्या चहाला त्यांनी अजून कोणाला नाही म्हटलेले नाही. पहिला कप संपला की लगेच उठू नये. त्या दाराशी जरा घुटमळतील, पदराशी चाळा करतील. त्यावर जर “अजून अर्धा घ्या ना” असे म्हणाल्या, तर कप पुढे करावा आणि अर्ज मंजूर झाला असे समजावे.

आपला नम्र व अद्याप धडधाकट,
(सही)
दत्तोपंत लासूरकर
दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) कादंबरीच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स (खुनी : वैद्यबुवा).
२) नमुन्यादाखल चहा, थर्मासमध्ये. त्यातला पहिला कप अर्जदाराने आपल्या ठाण्याच्या बाकावर बसून, ठाणे अंमलदारांदेखत पिऊन मगच वरील सही केली आहे. सही थरथरली आहे ती वयाने. थर्मास घरी येताना आणावा, म्हणजे येण्याला निमित्त होईल.