वडीलपदाच्या वड्या

१० नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये पाळक युन यांचा आजचा उपदेश अप्रतिम. विषय नकारात्मक विचार. देवावरचा विश्वास हाच त्यांवर उतारा, पण आधी स्वतःच्या मनात प्रामाणिकपणे डोकावून पाहिलं पाहिजे, असं सार. उपदेश चालू असताना मी सगळ्या मंडळीवरून नजर फिरवली. किती जणांना याची नितांत गरज आहे!

उपासनेनंतर घोषणा झाली. चोवीस तारखेला मंडळीच्या वडीलपदाची, म्हणजे डीकनच्या वरच्या पदाची, निवडणूक. जागा एक, नावं दोन: एक मी, म्हणजे डीकन प्यो, आणि दुसरा डीकन ह्वांग. माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर त्याचं बुटांचं दुकान आहे. माणूस बरा आहे. याहून जास्त लिहीत नाही, कारण आजपासून नकारात्मक विचार बंद.

म्योंग-ओकला निश्चय सांगितला. बायको म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, आजपासून की जेवण झाल्यापासून? कारण सूप खारट झालंय.

११ नोव्हेंबर
रोज पहाटेच्या प्रार्थनेला जायचं ठरवलं. अलार्म लावला. वाजला. बंद केला. अपराधी वाटू लागलं, पण अपराधी वाटणं हाही नकारात्मक विचारच. झटकला. तत्काळ गाढ झोप लागली. विश्वासाचं फळ इतक्या लवकर मिळतं हे माहीत नव्हतं.

१२ नोव्हेंबर
गेलो! लोकांना प्रेरणा मिळावी म्हणून सगळ्यात पुढच्या बाकावर बसलो. वळून पाहिलं तर प्रेरणा घ्यायला फारसं कुणी नव्हतं. ह्वांग शेवटच्या बाकावर, खांबाआड. निवडणुकीला उभं राहायचं आणि असं लपून बसायचं... असो.

म्योंग-ओक म्हणाली, तो वर्षानुवर्षं तिथेच बसतो. आणि अहो, पुढे बसून घोरत जाऊ नका, पाळकसाहेबांना घसा ताणावा लागतो.

मी घोरत नव्हतो. मनन करत होतो.

१४ नोव्हेंबर
आत्मपरीक्षण. कागद घेऊन स्वतःचे दोष लिहायला बसलो. प्रामाणिकपणे शोधल्यावर दोन सापडले. एक, मी फार सहनशील आहे. दोन, लोकांना पटकन माफ करतो, त्यामुळे ते शेफारतात. तिसरा काही केल्या सापडेना, म्हणून म्योंग-ओकची मदत मागितली. ती म्हणाली, कागद पुरायचा नाही.

तिच्यातल्या नकारात्मकतेसाठी प्रार्थना केली. तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

१६ नोव्हेंबर, शनिवार
मंडळीची हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस. अंगणात कोबीचे ढीग, समुद्रावरून बोचरा वारा. ह्वांग सकाळपासून रबरी बूट चढवून मिठाच्या पाण्यात कोबी धूत होता. मतं मिळवायची ही तऱ्हा मला पटत नाही. दरवर्षी तो हेच करतो, म्हणजे किती आधीपासून तयारी चाललीय पाहा. माझी सेवा वेगळ्या प्रकारची. मी देखरेख करतो.

स्वयंपाकघर चोन काकूंच्या ताब्यात असतं. त्या म्हणाल्या, डीकनसाहेब, देखरेख बाजूला बसून केली तरी चालते, टोपल्यांच्या वाटेत कशाला? की हातांनाही नंबर लागलाय? सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. लोकप्रियता म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

ह्वांगने मसाला माखलेलं एक पान गुंडाळून माझ्या तोंडात भरवलं. म्हणाला, दादा, चव सांगा, तुमच्यासारखी जीभ कुणाला आहे? चव उत्कृष्ट होती. त्याला सांगितलं नाही. निवडणुकीच्या दिवसांत जपून बोलावं.

२० नोव्हेंबर, बुधवार
मनःस्थिती ठीक नाही. तरी लिहितो.

संध्याकाळची उपासना. 'प्रभू' अशी तीनदा हाक मारून सगळ्यांनी नेहमीप्रमाणे आपापली प्रार्थना एकाच वेळी, मोठमोठ्याने सुरू केली. त्या कल्लोळात शेजारच्याचा शब्द कळत नाही. प्रामाणिक व्हायला मंडळीत याहून सुरक्षित वेळ नाही. मी मन मोकळं केलं.

पाळकांनी घंटा वाजवली की एकदम थांबायचं असतं. घंटा वाजली होती, असं नंतर सगळ्यांनीच सांगितलं. मी डोळे मिटून, मुठी आवळून ओरडत होतो, प्रभू, त्या ह्वांगला पाड! मला निवडून आण! मी कुणालाच आवडत नाही रे, निदान वडील तरी कर!

प्रार्थनागृहात शांतता.

मग मागून, खांबाआडून, ह्वांगचा खणखणीत आवाज आला, आमेन!

सवयीने म्हणाला असणार. तो सगळ्याच प्रार्थनांना म्हणतो.

२१ नोव्हेंबर
कालच्या प्रकाराचा शांतपणे विचार केला. निष्कर्ष अत्यंत उत्साहवर्धक. पाळक म्हणतात ते प्रामाणिक आत्मपरीक्षण मी चारचौघांत करून दाखवलं. इतका पारदर्शक उमेदवार मंडळीला पूर्वी कधी मिळाला होता? शेवटचं वाक्य तेवढं ओघात गेलं, त्यात अर्थ नाही. आज मंडळीतल्या दोन बाया दुकानात आल्या, एकही फ्रेम न बघता नुसत्या माझ्याकडे बघून गेल्या. हवा फिरली आहे.

दुपारी ह्वांग दोन कप कॉफी घेऊन रस्ता ओलांडून आला. म्हणाला, दादा, मी नाव मागे घेऊ का? मला कुठे एवढी हौस आहे? तुम्ही सांगा, आत्ता पाळकसाहेबांना फोन करतो.

मी म्हणालो, छे, छे! लढत झाली पाहिजे. त्याशिवाय विजयाला शोभा नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार
तांदळाच्या वड्यांची ऑर्डर दिली. निवडून आलेल्याने मंडळीला वड्या वाटायच्या असतात, आणि त्या पहाटे वाफवाव्या लागतात, म्हणून आदल्या दिवशी सांगणं भाग. म्योंग-ओक म्हणाली, अहो, निकाल तर लागू द्या, पुढच्या रविवारी वाटा की. मी तिला समजावलं की हाच तो नकारात्मक विचार.

प्रत्येक डब्यावर लेबल. सोनेरी अक्षरांत 'वडील प्यो यांजकडून, कृतज्ञतापूर्वक'. तिने लेबल उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाली, गोंद फार पक्का नको म्हणावं.

का, ते विचारलं नाही. बायकांना सजावटीचं जास्त कळतं.

२४ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
मतदान केलं. चिठ्ठीवर दोन नावं होती, एकावर खूण करायची होती. एकाएकी मन भरून आलं. ह्वांगच्या पदरी अगदीच भोपळा पडला तर बरं दिसणार नाही. बिचारा कॉफी घेऊन आला होता. मला मतांची काय वानवा? माझं मत त्याला देऊन टाकलं. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. मनात नकारात्मक विचार औषधालाही नाही.

वड्या आल्या. गरमागरम आहेत.

संध्याकाळ
पाळकांनी निकालाचा कागद एकदा वाचला, चष्मा (माझ्याच दुकानातला) पुसला आणि पुन्हा वाचला. म्हणाले, आपल्या मंडळीत असं आजवर घडलेलं नाही. डीकन ह्वांग, एकमताने.

एकमताने म्हणजे सगळ्यांनी. हे डोक्यात शिरेपर्यंत पुढच्या गीताची दोन कडवी झाली होती.

चोन काकू आणि म्योंग-ओक स्वयंपाकघरात लेबलं सोलत बसल्या. भराभर निघत होती. ह्वांग स्वतः डबे उचलू लागला. आता तू वडील झालास, उचलू नकोस, असं सगळ्यांनी सांगितलं. त्याने ऐकलं नाही. लोक वड्या खात होते आणि त्याचे आभार मानत होते. तो प्रत्येकाला सांगत होता, अहो, वड्या दादांच्या आहेत. तो किती नम्र, असं म्हणून लोक आणखी एकेक उचलत होते.

घरी आलो. एक डबा उरला होता. त्याचं लेबल तसंच होतं. वड्या एव्हाना कडक झाल्या होत्या. म्योंग-ओकने दोन तव्यावर भाजल्या आणि बशी माझ्यासमोर ठेवली. मी तिला काहीही विचारलं नव्हतं. तरी ती म्हणाली, अहो, मला वाटलं, तुमचं स्वतःचं तरी एक मत असेलच.

दोषांचा तो कागद काढला. तिसरा दोष लिहिला: फाजील उदारपणा.

खोडला.

वडी छान भाजली होती. तसं तिला सांगितलं.