जबड्याच्या फोटोतले चौदा सेकंद

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.

नेमक्या या वेळी, मी बोलले, असा आरोप माझ्यावर झाला. ठिकाण : हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडच्या मागचं स्कॅन सेंटर. आरोप करणारी : सरिता, तिथली टेक्निशियन, वय फार तर पंचवीस.

पार्श्वभूमी लिहून ठेवते. उजवीकडचे खालचे दोन दात गेले. डॉ. पद्मनाभ तिथे हाडात स्क्रू बसवून वर नवे दात लावणार. पण आधी थ्री-डी स्कॅन हवा म्हणाले. जबड्याच्या आतून एक नस जाते आणि ओठापाशी बाहेर पडते. स्क्रू तिला लागला तर ओठ बधिर, कदाचित कायमचा. साध्या एक्स-रेत तिची नेमकी जागा कळत नाही.

मी वाद घातला नाही. हुबळी स्टेशनवर सव्वीस वर्षं अनाउन्समेंट केली ती याच ओठांनी. ओठ गेला की प, ब, म गेले. शिवाय ३० मार्चला इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याचं सूत्रसंचालन. सतरा वर्षं ते माझंच आहे. हल्ली 'स' म्हणताना फटीतून किंचित हवा जाते म्हणे. मला ऐकू येत नाही. धाकट्या बहिणीला, विमलला येते. मंडळातल्या वेदश्रीला तर फारच येते, कारण तिला माइक हवा आहे. स्क्रू हाडात पक्का व्हायला तीन महिने. म्हणजे तो याच महिन्यात बसला पाहिजे.

आता आरोप. हनुवटी टेकवून, काडी दातांत धरून चौदा सेकंद स्तब्ध उभं राहायचं. मशीन डोक्याभोवती फिरतं. त्यातल्या रेकॉर्ड केलेल्या बाईने सूचना दिली ती आधी इंग्रजीत, मग हिंदीत. कन्नड नाहीच. हुबळीत! मी फक्त तेवढं निदर्शनास आणलं. सरिता म्हणाली, "अक्कार, माताडब्याड्री." ताई, बोलू नका. हे मला! मी मुळात मितभाषी आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

रिपोर्ट आला. फोटोत मला दोन नसा दिसतात. डॉक्टर म्हणाले, तुम्ही हललात म्हणून. हललेल्या फोटोत माणसाला दोन नाकंही येतात. हे बोलणं मला हलक्या दर्जाचं वाटलं. लहान गावातल्या डॉक्टरांना दुर्मीळ केस झेपत नाही.

संध्याकाळी मंडळात सहज उल्लेख केला. वेदश्रीला एकच नस असणार.

रविवार, १७ नोव्हेंबर.

संकल्प : पुन्हा स्कॅनला जायचं आणि निदान मौनात कमी पडले असं कुणाला म्हणू द्यायचं नाही. विमलने घड्याळ लावून सराव घेतला. तिच्या मते मी सहा सेकंद गप्प राहिले. घड्याळ हळू चालतं, हे मी तिला तेव्हाच सांगितलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर. दुपारी १२.

एक अक्षर बोलले नाही. साक्षीदार विमल. मशीन सुरू असताना सरिताने काचेपलीकडून विचारलं, ठीक आहे ना? मी सभ्यपणे मान डोलावली. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत प्रश्नाला उत्तर न देणं उद्धटपणा समजत. फोटो पुन्हा बिघडला.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा पुन्हा रेडिएशन द्यायला हे काही फोटो स्टुडिओ नाही. तिसरा शेवटचा. तोही हलला तर स्क्रूचं विसरा, काढ-घाल करायची कवळी घ्या. अंदाजाने मी तुमच्या ओठाशी खेळणार नाही, म्हणाले.

कवळी माइकसमोर निसटते. बँकेतल्या यशवंतरावांची निसटली होती. श्रद्धांजलीच्या भाषणात.

सोमवार, २५ नोव्हेंबर. सकाळी ११.

सरिताने युक्ती काढली. अक्कार, तुमची अनाउन्समेंट माझ्या मोबाइलवर रेकॉर्ड करते, स्कॅनच्या वेळी तीच लावते, तुम्ही नुसतं ऐका. मुलगी अगदीच वाया गेलेली नाही. मी सोलापूर सुपरफास्ट निवडली, सहा वाजून सदतीस मिनिटांची. आधी कन्नड, मग इंग्रजी.

मशीन फिरायला लागलं. माझा आवाज लागला.

मी हलले नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. प्रत्येक 'स'ला शिट्टी. गाडीच्या आधी शिट्टी, गाडीच्या मागे शिट्टी. काचेपलीकडे विमल खाली मान घालून बसली होती. दात गेल्यापासून पाच महिने मी याच आवाजात सगळ्यांशी बोलते आहे.

फोटो आरशासारखा स्वच्छ आला. नस एकच. डॉक्टर म्हणाले, चारचौघांसारखी. आखूड स्क्रू वापरला तर नसेपासून पुरेसं अंतर राहील. बुधवारी बसवतो.

मोबाइलचा माइक सदोष असावा.

सोमवार, २५ नोव्हेंबर. दुपारी ४. डॉक्टरांना दिलेल्या पत्राची नक्कल.

डॉ. पद्मनाभ यांस,

स्क्रूबद्दल तक्रार नाही. तुमच्या सेंटरवाल्या सरिताच्या मोबाइलमध्ये माझ्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग आहे. ते पूर्णपणे पुसलं आहे, कुणालाही पाठवलेलं नाही, विशेषतः वेदश्री नावाच्या कुणालाही नाही, हे मला शुक्रवार, २९ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. विमल येऊन उत्तर घेऊन जाईल. फोन करू नये. दात बसेपर्यंत मी फोनवर बोलत नाही.